पू नसलेली जखम

लघवीच्या तपासणीचा कागद हातात पडला की बहुतेकांची नजर एकाच ओळीवर अडते: पस सेल्स. माझ्या लॅबच्या काउंटरवर कुणी ना कुणी काळजीच्या सुरात विचारतंच, “मॅडम, आत पू झालाय का?” मी शक्य तेवढं समजावते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्या दाणेदार पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. चार-दोन दिसल्या तर काही बिघडत नाही. जास्त दिसल्या तर बहुधा मूत्रमार्गात कुठेतरी जंतू आहेत आणि त्यांचा माग काढत या पेशी तिथे पोचल्या आहेत. माणसं मान डोलावतात आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जातात. माझ्या मनात मात्र एक गोष्ट रेंगाळत राहते. या पेशी तिथे पोचल्या कशा?

पुवाची मला कधी किळस वाटली नाही. लहानपणी कुणाला करट झालं की आजी गरम जवसाची पोटीस बांधायची आणि बजावायची, “हात नको लावूस, पिकू दे.” पिकायचं म्हणजे काय, हे पुढे पॅथॉलॉजी शिकताना कळलं. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचा साठा. अस्थिमज्जेत रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार होतात, रक्तात काही तास फिरतात, आणि बोलावणं आलं तर रक्तवाहिनी सोडून ऊतीत शिरतात. तिथून त्या सहसा परत येत नाहीत. करटातला पू हा त्या बोलावण्याला मिळालेला प्रतिसाद असतो.

शाळेच्या पुस्तकात पांढऱ्या पेशींना शरीराचे सैनिक म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. सैन्याला सेनापती असतो, नकाशा असतो, हुकूम असतो. इथे त्यातलं काहीच नाही. मेंदू न्यूट्रोफिलला “डाव्या पायाच्या अंगठ्याकडे जा” असं सांगत नाही. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत, आणि अंगठा कुठे असतो हे तिला ठाऊक नाही. तिच्या पृष्ठभागावर काही ग्राहक रेणू असतात आणि भोवतीच्या द्रवात काही निरोप्या रेणू असतात. सगळा प्रवास एवढ्याच भांडवलावर होतो.

पुवातल्या पेशी मुळात येतात कुठून, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद होता. बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरशो यांचा दबदबा होता आणि त्यांच्या मते त्या जागच्या जागीच, तिथल्या ऊतींतून तयार होत होत्या. त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या युलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ, पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि ते बघत बसले. रक्त संथ होत गेलं, पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या भिंतीला चिकटू लागल्या आणि मग भिंतीतून हळूहळू बाहेर पडल्या. १८६७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेही फिरशो यांच्याच नियतकालिकात. गुरूच्या मताविरुद्धचं निरीक्षण गुरूच्या पानांवर छापून आलं, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

पुढचं पाऊल १८८२ मधलं. सिसिलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पाण्यासारख्या पारदर्शक डिंभांना, म्हणजे पिल्लांना, बागेतले काटे टोचले. सकाळी पाहिलं तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. तारामाशाच्या डिंभात रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पेशी स्वतः चालत आल्या होत्या. या वाटेवरच्या कामासाठी त्यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण “त्यांना बोलावलं कुणी?” हा प्रश्न एका नेत्रतज्ज्ञाने नेमका धरला, आणि त्याचं नाव फारसं घेतलं जात नाही. थिओडोर लेबर. मळणी करताना ओटचं तूस डोळ्यात गेलेल्या एका शेतकऱ्याच्या बुबुळात त्यांना १८७९ मध्ये बुरशी सापडली होती. आपल्याकडे ऊस तोडताना पानाची कड डोळ्याला लागून, भाताचं तूस उडून अशीच बुरशी आजही होते, त्यामुळे हा शेतकरी मला परका वाटत नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, तरीही बुरशीच्या दिशेने दुरून पांढऱ्या पेशी येतात. सशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून लेबर यांनी १८८८ मध्ये मांडलं की बुरशीतून काही रसायन पाझरत असलं पाहिजे आणि पेशी त्याच्या उगमाकडे चालत असल्या पाहिजेत.

ते नेमकं रसायन हाती लागायला मात्र बराच काळ जावा लागला. काही रेणू आधी सापडले, पण आपल्याच पेशींनी खास न्यूट्रोफिलांना बोलावण्यासाठी बनवलेलं प्रथिन १९८७ मध्ये वेगळं करता आलं. अमेरिकेत फ्रेडरिक, स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि जर्मनीत कील अशा तीन ठिकाणच्या प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी तिथे पोचल्या. फ्रेडरिकमधल्या गटात तेइझो योशिमुरा आणि कोजी मात्सुशिमा होते, बर्नमध्ये मार्को बागिओलिनी. प्रथिन इवलंसं, जेमतेम ७२ अमिनो आम्लांचं. आज त्याला इंटरल्यूकिन-८ किंवा सीएक्ससीएल-८ म्हणतात. मग त्याची भावंडं सापडत गेली आणि १९९२ मध्ये त्या कुळाला केमोकाइन हे नाव मिळालं. माणसात असे सुमारे ५० केमोकाइन आहेत आणि ते ओळखणारे ग्राहक वीसच्या आसपास.

आता पायात काटा रुतल्यावर काय होतं ते बघू. कातडीखाली कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज आणि मास्ट या रोगप्रतिकारक पेशी प्रथम जाग्या होतात. त्या सोडत असलेल्या रसायनांनी जवळच्या बारीक शिरा रुंदावतात, जागा लाल आणि गरम होते, भिंती थोड्या झिरपू लागतात, सूज येते, ठणका सुरू होतो. आपल्याला एवढंच जाणवतं. खरी हालचाल शिरेच्या आतल्या अस्तरावर चाललेली असते. त्या अस्तराच्या पेशी आधीच साठवून ठेवलेलं पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणून ठेवतात. काही तासांत ई-सिलेक्टिनही तयार होऊन येतं. जवळून वाहणाऱ्या न्यूट्रोफिलवर विशिष्ट शर्करांच्या साखळ्या असतात आणि सिलेक्टिन त्या पकडतं. ही पकड फार सैल असते. पुराच्या पाण्यात वाहून चाललेला माणूस काठावरच्या झुडपांना हात घालत जातो, एक फांदी सुटते तोवर दुसरी हाताला लागते, आणि त्याचा वेग कमी होत जातो, तशी ती पेशी भिंतीलगत गडगडत पुढे सरकते.

तिचा वेग कमी झाला की तिला केमोकाइनची गाठ पडते. हे केमोकाइन रक्तात मोकळे सुटले असते तर प्रवाहाने केव्हाच वाहून नेले असते. म्हणून ते अस्तरावरच्या हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेला चिकटून बसलेले असतात. म्हणजे हाक हवेत विरत नाही, नेमक्या त्याच वळणावर भिंतीला धरून राहते. न्यूट्रोफिलच्या ग्राहकाने केमोकाइन ओळखलं की क्षणार्धात आतून संदेश जातो आणि तिच्या पृष्ठभागावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं, जी तोवर मिटून बसलेली असतात, ताठ उघडतात. ती अस्तराला घट्ट धरतात. पेशी थांबते, पसरते, फट शोधते आणि भिंतीतून पलीकडे जाते. तिचं केंद्रक तीन-चार खंडांत विभागलेलं असतं. स्लाइडवर ते इतकं ओळखीचं दिसतं की आम्ही त्याकडे नीट बघतही नाही. असं खंडित केंद्रक अरुंद फटीतून सहज दुमडत जातं.

भिंतीपलीकडे प्रवाह नाही, तिथे चालायचं असतं. तेही मिनिटाला साधारण स्वतःच्या लांबीएवढं. दिशा कशी कळते? पेशीच्या एका टोकाला निरोप्या रेणू किंचित जास्त असतात, दुसऱ्या टोकाला किंचित कमी. एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला ९९, एवढा फरकही न्यूट्रोफिलला पुरतो. जिकडे जास्त तिकडे ॲक्टिन या प्रथिनाचे धागे वाढून पुढचा पाय पसरतो, मागच्या बाजूला मायोसिन हे दुसरं प्रथिन आकसून शेपूट ओढून घेतं. १९५० च्या दशकात व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डेव्हिड रॉजर्स यांनी टिपलेल्या चित्रफितीत तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक न्यूट्रोफिल एका जिवाणूचा पाठलाग करताना दिसतं. जिवाणू वळला की तेही वळतं. मी ते आजवर कितीदा तरी पाहिलं आहे, आणि दर वेळी श्वास रोखला जातो.

वाटेत एकाहून जास्त हाका ऐकू येतात, आणि त्यांच्यात मानाची उतरंड असते. लांबून केमोकाइन बोलावतात. पण जखमेच्या अगदी जवळ आल्यावर वेगळेच रेणू वरचढ ठरतात. जिवाणू प्रथिन बांधायला घेतात तेव्हा पहिल्या अमिनो आम्लाला, मेथिओनिनला, फॉर्मिल नावाचा छोटा रासायनिक गट जोडलेला असतो. आपल्या पेशीद्रवात बनणाऱ्या प्रथिनांना तो नसतो. म्हणून फॉर्मिल लागलेला तुकडा दिसला की न्यूट्रोफिल समजतं, परका जवळ आहे, आणि केमोकाइनची हाक मागे टाकून तिकडे वळतं. पण आपल्या पेशींमधल्या, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियाही प्रथिनं अशीच बांधतात, कारण अब्जावधी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जिवाणू होत्या. पेशी फुटली की हे तुकडे बाहेर सांडतात. कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदराच्या यकृतात जंतूविना इजा करून पाहिलं, तर केमोकाइनने पेशी मेलेल्या भागाच्या जवळपास आणून सोडल्या, आणि शेवटचा टप्पा या फॉर्मिल तुकड्यांनी पार करून दिला. मुका मार लागला तरी सूज का येते, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. इतक्या जुन्या नात्याची खूण एखाद्या ठेचेत सापडावी, याचं मला अपार अप्रूप आहे.

आधी पोचलेल्या पेशी पुढच्यांना बोलावतात. ल्युकोट्रिन बी-४ नावाचा स्निग्ध रेणू त्या सोडतात आणि दूरच्या पेशी थव्याने वळतात. टिम लेमरमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे उंदराच्या कानाच्या कातडीत पाहिलं. मग हा थवा थांबतो कसा? त्याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं की साचलेल्या हाकेला न्यूट्रोफिल स्वतःच बहिऱ्या होत जातात, त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) ग्राहकांना गप्प करतं. शिवाय काही काळाने ऊतीतले स्निग्ध रेणू बदलतात. लिपॉक्सिनसारखे रेणू तयार होऊ लागतात आणि नव्या न्यूट्रोफिलांना अडवतात. मॅक्रोफेज येऊन मेलेल्यांना गिळतात. सूज उतरणं हेही शरीराने केलेलं काम आहे.

हाक चुकीच्या कारणाने दिली गेली तर हीच यंत्रणा छळते. गाउटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक साचतात. जंतू एकही नसतो, पण मॅक्रोफेज स्फटिक गिळून इंटरल्यूकिन-१ सोडतात, त्यातून इंटरल्यूकिन-८ तयार होतं, आणि रातोरात अंगठ्याच्या सांध्यात न्यूट्रोफिलांची रीघ लागते. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. यावरचं जुनं औषध कोल्चिसिन पेशीच्या आतल्या नलिकांचे धागे जुळू देत नाही आणि न्यूट्रोफिलांची चाल मंदावते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हे याच कोल्चिसिनचं भांडार आहे. तिचा कंद घरगुती उपाय म्हणून कुणीही तोंडात घालू नये, तो जीव घेतो.

स्टिरॉइडबद्दलही बोललं पाहिजे. स्टिरॉइड सुरू झाल्यावर सीबीसी या रक्ततपासणीतला टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा, वाढतो आणि नातेवाईक घाबरून विचारतात, जंतुसंसर्ग वाढला का? एरवी रक्तातल्या जवळपास निम्म्या न्यूट्रोफिल शिरांच्या भिंतीलगत रेंगाळत असतात आणि सुईत येत नाहीत. स्टिरॉइडने त्यांची भिंतीवरची पकड सुटते आणि त्या प्रवाहात येतात, त्यामुळे मोजणीत आकडा फुगतो. आकडा मोठा, पण ऊतीत पोचणाऱ्या पेशी कमी. करोनाच्या काळात डेक्सामेथासोनने कित्येक जीव वाचवले, यात शंका नाही. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित मधुमेहात, जिथे न्यूट्रोफिलांची दिशा ओळखण्याची क्षमता आधीच मंदावलेली असते, तिथे गरजेपेक्षा जास्त स्टिरॉइड गेलं आणि म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात आणि गुजरातेत किती जणांचे डोळे, जबडे, प्राण नेले ते आपण पाहिलं. तेव्हाचे रिपोर्ट माझ्याही टेबलावरून गेले आहेत.

पेशी भरपूर आहेत पण पोचत नाहीत, याचं सर्वात स्वच्छ उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे ओ गटाशीही जुळेना. तो बॉम्बे रक्तगट. तांबड्या पेशींवर ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो. हा पाया पुरा व्हायला फ्यूकोज नावाची शर्करा जोडावी लागते आणि ती जोडणारं विकर त्यांच्याकडे नसतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो. बाकी तो ठणठणीत असतो, फक्त त्याला रक्त लागलं तर बॉम्बे गटाचंच लागतं.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग व्हायचे, रक्तात न्यूट्रोफिल प्रमाणाबाहेर असायच्या, आणि जखमेत पू नसायचा. दोघांचाही रक्तगट बॉम्बे होता. योगायोग वाटावा अशी ही गाठ फ्यूकोजमध्ये होती. सिलेक्टिन न्यूट्रोफिलवरच्या ज्या शर्करेला पकडतं, तिलाही फ्यूकोज लागतं. या मुलांत फ्यूकोज पेशीतल्या योग्य कप्प्यात नेणारं वाहक प्रथिनच बिघडलेलं होतं (त्याचं जनुक २००१ मध्ये ओळखलं गेलं), त्यामुळे एच पायाही नाही आणि भिंतीला हात घालायची सोयही नाही. नेहमीच्या बॉम्बे गटाच्या माणसांत फक्त एचचं विकर गेलेलं असतं, न्यूट्रोफिलचं शाबूत असतं, म्हणून ती निरोगी राहतात. पुढे यातल्या काही रुग्णांना फ्यूकोज तोंडाने दिल्यावर गुण आला. रक्तपेढीतली एक अडलेली जुळणी आणि सुजेचा पहिला टप्पा एकाच शर्करेपाशी भेटतात, हे परळच्या रस्त्यावरून जाताना मला हटकून आठवतं.

याच कुळातला आणि तुलनेने जास्त आढळणारा आजार म्हणजे ल्युकोसाइट ॲढिजन डेफिशियन्सीचा, म्हणजे पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटता न येण्याच्या आजाराचा, पहिला प्रकार. इथे गडगडणं ठीक चालतं, पण घट्ट धरणारं इंटिग्रिन बनत नाही, कारण त्याचा सीडी-१८ हा भाग सदोष असतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून मामाच्या किंवा आतेच्या मुलांशी लग्नं होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. एका तान्ह्या बाळाची स्लाइड मला विसरता येत नाही. रक्ताचा थेंब न्यूट्रोफिलांनी गच्च भरलेला, आणि त्याच बाळाच्या बेंबीजवळच्या जखमेतून घेतलेल्या पुसणीत (स्वॅबमध्ये) जंतू भरपूर, पण पस सेल एकही नाही. इतक्या जणी रक्तात होत्या आणि एकीलाही त्या भिंतीपाशी थांबता आलं नव्हतं.

या मुलांच्या हिरड्यांनी संशोधकांना आणखी काही शिकवलं. हिरड्या लाल, सुजलेल्या, दात हलू लागलेले. सर्वांचा समज होता की पेशी पोचत नाहीत म्हणून तिथे जंतू माजतात. २०१४ मध्ये निकी मुत्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जंतूंपेक्षा जास्त नुकसान न थांबणारी हाक करते. न्यूट्रोफिल ऊतीत येतात, मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि त्या गिळण्यातूनच इंटरल्यूकिन-२३ आणि १७ यांची हाक मंदावते. कुणी आलंच नाही तर हाक वाढतच जाते आणि हाड झिजवते. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला तीच हाक अडवणारं, मूळ सोरायसिसचं औषध दिलं, तेव्हा हिरड्या निवळल्या. सुजेकडे बघण्याची माझी रीत या कामाने बदलली. पू होणं म्हणजे सूज चिघळणं असं आपण धरून चालतो, पण त्या पेशींचं येणं आणि मरणं हाच ती शमण्याचा रस्ता असतो.

बारशाच्या सुमाराला घरातल्या बायका बाळाची नाळ गळाली का ते बघतात. सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ती गळते, आणि ती सुटण्याच्या कामात न्यूट्रोफिलांचाही हात असतो. लंडनमधल्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये उशिरा गळलेली नाळ, वारंवार संसर्ग आणि न्यूट्रोफिलांची मंद चाल यांची सांगड प्रथम घातली. नुसती नाळ उशिरा गळाली म्हणून घाबरायचं कारण नाही, पुष्कळ निरोगी बाळांचीही रेंगाळते. पण तीन-चार आठवडे उलटले, बेंबी लाल आहे, टोटल काउंट खूप वाढलेला आहे आणि पू मात्र दिसत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना तेवढं सगळं एका दमात सांगावं आणि सीडी-१८ ची तपासणी करायची का, ते विचारावं. पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने ती थोड्याशा रक्तावर होते. केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत या आजाराचं निदान केलं जातं. तीव्र प्रकारात मज्जारोपण हाच खात्रीचा इलाज आहे, आणि बाळ संसर्गांनी खंगण्याआधी तो झाला तर यश येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पुसणीत जंतू आणि रक्तात उदंड न्यूट्रोफिल असूनही पस सेल नसला, की मी रिपोर्ट नुसता छापून देत नाही, डॉक्टरांना स्वतः फोन करते.